इंदुरात मुक्काम कोठे करावा? बाहेरून येऊन राहिलेल्यांनी आपले अनुभव सांगावेत

पुण्या-मुंबईचे आप्त इंदूरला यायचे ठरले की पहिला प्रश्न विचारतात तो कोणत्या भागात उतरावे हा. रामबागेत लहानाचा मोठा झालो असलो तरी याचे नेमके उत्तर माझ्यापेक्षा येथे पाहुणे म्हणून राहिलेलेच अधिक चांगले देऊ शकतील. म्हणून विनंती अशी की कोणत्या कामासाठी आलात, कोठे उतरलात आणि त्या भागामुळे काय सोय किंवा गैरसोय झाली, हे सविस्तर लिहावे. आलेले अनुभव खाली, प्रत्येकाच्या गावाच्या नावाने दिले आहेत.

नवख्यांसाठी शहराची मांडणी थोडक्यात सांगतो. राजवाडा, सराफा आणि जुन्या पेठा पश्चिमेकडे, मधोमध रेल्वे स्टेशन आणि त्याच्या जवळच सरवटे बसस्थानक, पूर्वेला पलासिया व छप्पन दुकान ही खाण्याच्या दुकानांची गल्ली, आणि ईशान्येला आग्रा-मुंबई रस्त्यावर विजयनगर, जेथे मोठी हॉटेले व मॉल आहेत. विमानतळ पश्चिमेला असल्याने विजयनगरात उतरणाऱ्याला तेथून जवळजवळ सारे शहर ओलांडावे लागते. माझे मत असे की आधी काम आणि येण्याजाण्याच्या वेळा पाहाव्यात, त्यावरून भाग ठरवावा, आणि हॉटेलाचे फोटो सर्वांत शेवटी उघडावेत.

नाशिकहून, वृद्ध आईसह देवदर्शनासाठी

आम्हाला उज्जैनचा महाकाळ आणि ओंकारेश्वर ही दोन्ही ज्योतिर्लिंगे करायची होती. उज्जैन इंदूरच्या उत्तरेला सुमारे ५५ किलोमीटर आणि ओंकारेश्वर दक्षिणेला सुमारे ७७ किलोमीटर, अशा विरुद्ध दिशा असल्यामुळे रोज सामान आवरण्यापेक्षा मध्ये इंदुरातच खोली ठेवणे आईच्या दृष्टीने बरे पडले. महाकाळाची भस्म आरती मात्र पहाटे चारला सुरू होते आणि तिच्यासाठी त्याच्याही बऱ्याच आधी रांगेत उभे राहावे लागते, त्यामुळे ज्यांना ती करायची आहे त्यांनी आदली रात्र उज्जैनलाच काढावी.

आम्ही सरवट्याजवळ छोट्या ग्वालटोलीत उतरलो होतो. तेथे हॉटेलांची दाटी आहे, भाडी आवाक्यातली आहेत आणि बस पायी जाण्याच्या अंतरावर मिळते, पण रस्त्याकडच्या खोलीत रात्रभर गाड्यांचे भोंगे ऐकू येतात. मी मागच्या बाजूची खोली मागितली आणि पैसे देण्याआधी न्हाणीघर पाहिले. दाराशी वीतभर उंच उंबरा, आत गुळगुळीत ओली फरशी आणि धरायला काहीच नाही, असे दिसल्यावर दुसरी खोली दाखवायला लावली. गरम पाण्याचेही विचारले, तेव्हा पोऱ्या म्हणाला, ‘गीज़र सुबह छह से नौ चलेगा, माताजी.’ आम्हाला पहाटे पाचला निघायचे होते, म्हणून व्यवस्थापकांशी बोलून आदल्या रात्रीच बादलीभर पाण्याची सोय लावून घेतली. लिफ्ट आहे का, हे सगळे विचारतात. ती तळमजल्यापासून सुरू होते की सात-आठ पायऱ्या चढल्यावर, हे ज्येष्ठांना घेऊन येणाऱ्यांनी आवर्जून विचारावे.

जळगावहून, मुलीच्या परीक्षेसाठी

प्रवेशपत्रावर ‘इंदूर’ एवढे वाचून खोली घेऊ नये, खालचा पूर्ण पत्ता वाचावा. परीक्षा केंद्रे शहराबाहेरच्या महाविद्यालयांतही असतात. आयआयटी शहरात नसून खंडवा रस्त्यावर सिमरोलला, सुमारे २५ किलोमीटरवर आहे, आणि आयआयएम राऊकडे आहे. आमचे केंद्र खंडवा रस्त्याच्या बाजूला असल्यामुळे आम्ही भंवरकुआं भागात उतरलो. शिकवण्या आणि विद्यार्थ्यांची वसाहत असलेला हा भाग असल्याने साधे जेवण, झेरॉक्स आणि सकाळी लवकर रिक्षा या तिन्ही गोष्टी सहज मिळाल्या.

मुंबईहून, कंपनीच्या कामासाठी

बैठका विजयनगरात होत्या, तेथेच राहिलो आणि उत्तम सोय झाली. जुने शहर मात्र पाहून झाले नाही.

ठाण्याहून, केवळ शहर पाहण्या-खाण्यासाठी

सराफ्यात जायचे असेल तर राजवाड्याजवळच राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकाने लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. भुट्ट्याचा कीस, हिवाळा असेल तर तळून जिरावण मसाला भुरभुरलेले गराडू हे कंद, आणि शेवटी रबडी, एवढे झाल्यावर वाहन शोधत बसण्यापेक्षा पायी खोलीवर पोचण्यात खरे सुख आहे. सकाळी पोहे-जिलबी खाऊन राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारके) आणि काच मंदिर आम्ही रमतगमत पाहिले.

या भागाची अडचण अशी की गल्ल्या अरुंद आहेत आणि मोटार दारापर्यंत येईलच असे नाही, म्हणून जड सामान किंवा चालण्याचा त्रास असलेल्यांनी येथे उतरू नये. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, रात्री परिसरातले रस्ते वाहनांना बंद असतात. ते पाहायलाच येणाऱ्याने आदल्या दिवशी पोचावे. ज्याला त्या दिवशी गाडी पकडायची आहे, त्याने स्टेशनजवळ राहावे.

अमरावतीहून, रुग्णाच्या सोबतीला

भाऊ महाराजा यशवंतराव रुग्णालयात दाखल असताना आम्ही छावणीकडच्या एका लॉजमध्ये होतो. जवळ असणे हेच तेथे महत्त्वाचे होते, कारण औषधाची चिठ्ठी रात्री केव्हाही हातात येते. पण त्या लॉजचे शटर रात्री अकराला बंद होई आणि आतला माणूस उठेपर्यंत बाहेर ताटकळावे लागे, म्हणून दुसऱ्याच दिवशी आम्ही रात्रभर दार उघडे असणारी जागा शोधली. खोली सोडण्याची वेळ दुपारी बाराची आहे की आल्यापासून चोवीस तासांची, हेही आधी स्पष्ट करून घ्यावे. मुंबईहून येणारी अवंतिका एक्सप्रेस सकाळी पोचते, आणि बाराचा नियम असलेल्या ठिकाणी खोली दुपारपर्यंत मिळत नाही किंवा एका जादा दिवसाचे भाडे पडते. आम्ही चोवीस तासांची जागा घेतली, त्यामुळे पाळी बदलायला येणारा नातेवाईक आंघोळ करून लगेच रुग्णालयात जाऊ शकत होता.