नवऱ्याचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलंय, कोर्टात चालतं का? लवकर सांगा

वडगावची_लेक: नमस्कार मंडळी. थेट विचारते, वेळ नाही. नवऱ्याचं बोलणं मी फोनवर रेकॉर्ड केलंय, त्याला पत्ता नाही. त्यात तो सगळं कबूल करतोय. पुढच्या तारखेला द्यायचं आहे. वकिलांचा कारकून म्हणतो चालतं, दादा म्हणतो उलट तूच आत जाशील. खरं काय ते कायदा माहीत असणाऱ्यांनी सांगा. समजुतीनं घ्या असं कुणी सांगू नका, ते सगळं करून झालंय.

टिळकवाडीकर: ताई, केस कसली? कुणी घातली? बेळगावात की दुसरीकडे? आणि 'सगळं' म्हणजे काय? यातलं काहीच लिहिलं नाही तर सांगणार काय आम्ही?

निपाणीचा_तात्या: बिनधास्त द्या की. सुप्रीम कोर्टाने २०२५ सालीच सांगितलंय, नवरा-बायकोचं गुपचूप रेकॉर्डिंग चालतं. विषय संपला.

शहापूरचे_काका: पोरी, कोर्टाची पायरी चढलीस की आयुष्य त्यातच जातं. दोन्हीकडची चार जाणती माणसं बसवा. आमच्या भावकीत असंच मिटलं, आज दोघं सुखात नांदताहेत.

वडगावची_लेक: काका, बैठक झालीय, सासरच्यांनी तिथंच आमच्या बाबांचा अपमान केला. आता ते नको. बाकीच्यांसाठी: घटस्फोटाची केस त्यानं घातलीय, गडहिंग्लजला. सासर चंदगड तालुक्यात, मी माहेरी, बेळगावातल्या वडगावला. तो म्हणतो मी आपणहून निघून आले. रेकॉर्डिंगमध्ये तो स्वतः म्हणतोय, प्लॉटचे पैसे आणल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. आता सांगा.

वकिली_हिंडलगा: तात्या, विषय संपलेला नाही. १४ जुलै २०२५ चा तो निकाल न्या. नागरत्ना आणि न्या. शर्मा यांच्या खंडपीठाचा. भटिंड्याच्या फॅमिली कोर्टाने नवऱ्याला बायकोशी फोनवर झालेल्या बोलण्याची रेकॉर्डिंग दाखल करू दिली होती. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने खासगीपणाचं कारण देऊन ती अडवली आणि सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा आदेश रद्द केला. मुद्दा जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२२ चा. नवरा-बायकोत झालेलं बोलणं एरवी उघड करता येत नाही, पण दोघांतच दावा चालू असेल तर त्याला अपवाद आहे. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच कलम १२८ म्हणून आलंय.

दादांना सांगा, आपण स्वतः ज्या बोलण्यात आहोत ते टिपून ठेवणं हा आज गुन्हा नाही. पण चालतं म्हणजे कोर्ट ते ऐकून घेईल एवढंच. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे पुढचं. म्हणून विचारतो, बोलणं समोरासमोरचं की फोनवरचं? कुठं झालं? मूळ फोन अजून तुमच्याकडे आहे का?

वडगावची_लेक: फोन आहे. एक बोलणं समोरासमोरचं, तो आमच्या घरी आला होता तेव्हाचं. शेजारी यंत्रमाग चालू होते म्हणून खडखड फार येते, आवाज मागे जातो. दुसरं सासरी असताना घेतलेलं, तो आणि सासूबाई बोलत होते. फोन फळीवर ठेवून मी परड्यात गेले होते.

मोबाईलवाला_खडेबाजार: खडखडीचं सोपं आहे. आवाज साफ करणारी अ‍ॅप मिळतात, दोन मिनिटांत माग गायब, नवऱ्याचा आवाज कडक. आणि खरा पुरावा पाहिजे तर त्याच्या फोनमध्येच लपवून अ‍ॅप टाका, सगळे कॉल तुमच्याकडे येतील.

वकिली_हिंडलगा: कृपा करून यातलं काही करू नका! मूळ फाईलला हात लावायचा नाही. कापायची नाही, साफ करायची नाही, नावसुद्धा बदलायचं नाही. ऐकायला हवी तर वेगळी प्रत काढा. रेकॉर्डिंगमधला आवाज ओळखता यावा आणि त्यात फेरफार झालेला नसावा, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ पासून सांगितलंय. माग वाजतोय तर वाजू दे. बोलणं वडगावातच झालं याला तो खडखडाटच साथ देईल.

नवऱ्याच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा होऊ शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग तुमची खरी तक्रार बाजूला पडेल आणि तुम्हीच आरोपी.

निपाणीचा_तात्या: पण दुसरं पण चालेल की. नवराच बोलतोय ना त्यात?

वकिली_हिंडलगा: बोलतोय आईशी. कलम १२८ नवरा-बायकोतल्या बोलण्याचं आहे, आणि तो निकालही त्यावरचाच. ताई त्या खोलीत नव्हत्या. तिथं खासगीपणाची हरकत जोरात येणार. माझं मत, आधी पहिलंच दाखल करा. चांगल्या पुराव्याला कच्चा पुरावा बांधला की समोरचा वकील दिवसभर कच्च्यावरच बोलतो.

सीमाभाग_आमचा: यात मूळ दुखणं कुणी बोलत नाही. बेळगावात केस असती तर कागद कन्नडात, साक्ष कन्नडात. १९५६ पासून हे सोसतोय, महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा २००४ चा दावा सुप्रीम कोर्टात अजून लोंबकळतोय.

टिळकवाडीकर: दादा, केस गडहिंग्लजला आहे, तिथं मराठीच चालतं. सीमाप्रश्नाला वेगळा धागा काढा, मी पण येतो तिथं. पुरावा कायदा दोन्ही राज्यांत एकच आहे.

सीमाभाग_आमचा: बाईला दर तारखेला राज्य ओलांडून जावं लागतंय, हा पण सीमेचाच प्रश्न आहे.

खानापूरची_मास्तरीण: त्यावर उपाय आहे. पोटगीचा अर्ज आणि घरगुती हिंसाचाराचा अर्ज बेळगावातच करता येतो, राहतो तिथं. माझ्या बहिणीनं तसंच केलं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात केस हलवायची तर सुप्रीम कोर्टातच जावं लागतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाईन १५१००.

वडगावची_लेक: हे मी विचारलं नव्हतं, पण बरं झालं सांगितलंत. एक राहिलं. पहिली क्लिप दादानं पाहुण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलीय, लोकांना खरं कळावं म्हणून.

वकिली_हिंडलगा: हे आधी सांगायचं होतं की ताई. आजच काढून टाकायला सांगा. कोर्टाने ऐकायची सोय दिलीय, गावाने ऐकायची नाही. बदनामीची तक्रार दादांवर येऊ शकते. आणि ग्रुपवरची प्रत पुरावा म्हणून देऊ नका, तिथं फाईल बदललेली असू शकते. मूळ फोनमधलीच द्यायची, सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र. त्याचे दोन भाग: 'अ' भागावर तुमची सही, 'ब' भागावर तज्ज्ञाची, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे ताडून बघायचा आकडा. मूळ फोनच कोर्टात हजर करून सिद्ध केला नाही तर हे प्रमाणपत्र टाळता येत नाही, जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं.

निपाणीचा_तात्या: फॅमिली कोर्टाच्या कायद्यात कलम १४ आहे, तिथं एवढं काटेकोर बघत नाहीत.

वकिली_हिंडलगा: ते फॅमिली कोर्टापुरतं. यांची केस दिवाणी न्यायाधीशांपुढे असेल तर त्याच्या भरवशावर राहता येणार नाही. ताई, नोटिशीवर कोर्टाचं नाव काय आहे ते बघा.

वडगावची_लेक: नोटीस वकिलांकडे आहे, उद्या बघून लिहिते. दादानं ग्रुपवरून काढलंय, पण कुणी कुणी उतरवून घेतलं ते कळत नाही. 'ब' भागावर सही करणारा तज्ज्ञ बेळगावात मिळतो की कोल्हापूरला जावं लागेल?

मोबाईलवाला_खडेबाजार: मी करून देतो की सही.

वकिली_हिंडलगा: दुकानदाराची नको. उलटतपासणीला उभा राहील असा माणूस लागतो. तुमच्या वकिलांनाच विचारा, कारकुनाला नव्हे. आणि तोवर तो फोन रोजच्या वापरातून काढून ठेवा.

शहापूरचे_काका: पोरी, गडहिंग्लजला जाताना एकटी जाऊ नकोस. गाडी लागली तर सांग.