व्हॅलिडेशन कोडमध्ये आहे ना, मग डेटाबेसमध्ये कन्स्ट्रेंट कशाला?

(फोरमवरची चर्चा. प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उलटतपासणी

मुद्दा सरळ मांडतो. जो नियम मोडला तर डेटा खोटा ठरतो, तो नियम कन्स्ट्रेंट म्हणून, म्हणजे डेटाबेस स्वतः पाळायला लावतो अशी अट म्हणून, डेटाबेसमध्येच असायला हवा. कोडमधलं व्हॅलिडेशन (भरलेली माहिती तपासणं) वापरणाऱ्याला नीट निरोप मिळावा म्हणून असतं. डेटाची राखण त्याच्या भरवशावर टाकू नये.

हे लिहायचं निमित्त असं. परवा एका टीमचा स्कीमा (टेबलांची रचना) तपासायला बसलो. ३९ टेबलं, आणि प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख) सोडली तर एकही कन्स्ट्रेंट नाही. युनिक (तीच किंमत दोनदा नको) नाही, फॉरेन की (एका टेबलातली ओळ दुसऱ्यातल्या खऱ्या ओळीकडेच बोट दाखवेल) नाही, नॉट नल (रिकामं चालणार नाही) सुद्धा नाही. विचारलं तर म्हणाले, ‘सगळं मॉडेलमध्ये तपासतो की आम्ही.’ मॉडेल म्हणजे टेबलाशी बोलणारा कोड. मग डेटा उघडून बघितला. एकाच ईमेलवर दोन-दोन खाती. ऑर्डर कधीच डिलीट झालेली, तिचे आयटम मात्र तसेच पडून. स्टेटसच्या कॉलममध्ये एकाच अवस्थेची चार स्पेलिंगं. कोड वाईट नव्हता. चांगल्या माणसांनी मन लावून लिहिलेला होता.

दुहेरी खाती कशी होतात बघा. नेट संथ असतं, माणूस बटण दोनदा दाबतो. दोन रिक्वेस्ट दोन वेगळ्या प्रोसेसकडे जातात. दोघी आधी विचारतात, ‘हा ईमेल आहे का?’ दोघींना उत्तर मिळतं, ‘नाही.’ दोघी इन्सर्ट करतात. ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळी एकत्रच पक्की किंवा रद्द होणाऱ्या कामांच्या गठ्ठ्यात) गुंडाळलं तरी हे टळत नाही, कारण पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये डीफॉल्ट रीड कमिटेड (फक्त पक्कं झालेलं वाचायचं) असतं आणि एकीचं कमिट न झालेलं, म्हणजे पक्कं न झालेलं काम दुसरीला दिसतच नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं डीफॉल्ट रिपीटेबल रीड (ट्रान्झॅक्शनभर तेच चित्र दिसणं) आहे, तिथेही साध्या सिलेक्टने (वाचणाऱ्या क्वेरीने) काही अडत नाही. रुबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच लिहिलं आहे की मॉडेलमधल्या युनिकनेस तपासणीने डेटाबेसमध्ये कन्स्ट्रेंट तयार होत नाही, त्यासाठी युनिक इंडेक्स (किमतींची सूची) तुम्हीच लावा. ती ओळ वाचूनही लोक पुढे जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दहावा डिप्लॉय

युनिकबद्दल तुमच्याशी भांडण नाही. पण तुम्ही ‘सगळंच डेटाबेसमध्ये’ म्हणू लागलात की मला माझी एक दुपार आठवते.

चालू प्रॉडक्शनवर (खऱ्या वापरातल्या डेटाबेसवर), मोठ्या टेबलाला, मी फॉरेन की लावायला गेलो. कोणाचं तरी एक ट्रान्झॅक्शन आधीच उघडं राहिलं होतं. आमचं आल्टर (टेबल बदलणारा आदेश) त्याच्यामागे थांबलं आणि आमच्यामागे त्या टेबलावर लिहिणारी प्रत्येक क्वेरी थांबली. पोस्टग्रेसमध्ये एकूण कनेक्शनची डीफॉल्ट मर्यादा १०० असते, आमचीही तेवढीच होती. बघता बघता सगळी कनेक्शनं वाट बघण्यातच अडकली आणि नुसती वाचणारी पानंसुद्धा बंद पडली. डेटा एकदम शुद्ध, साइट मात्र बंद.

दुसरी गोष्ट डेडलॉकची, म्हणजे दोन कामं एकमेकांसाठी अडून बसण्याची. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण इंजिनात आयटम इन्सर्ट केला की फॉरेन कीसाठी त्याच्या ऑर्डरच्या ओळीवर शेअर्ड लॉक (इतरांसोबत धरता येणारं) लागतं. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे ऑर्डरमधला आयटमचा आकडा वाढवायचा, म्हणजे एक्सक्लुझिव्ह लॉक (एकट्यानेच धरायचं) हवं. एका ऑर्डरवर अशी दोन ट्रान्झॅक्शनं एकदम आली की दोघांकडे शेअर्ड, दोघांना एक्सक्लुझिव्ह हवं, एकाचा बळी ठरलेला. हे शोधायला आम्हाला दोन दिवस लागले.

आणि कॅस्केड डिलीट, म्हणजे फॉरेन कीने जोडलेल्या ओळीही आपोआप उडणं! एक ओळ उडवली आणि मागोमाग चार टेबलांतल्या लाखो ओळी गेल्या. कोडमध्ये हे कुठेच दिसत नाही, म्हणून रिव्ह्यूत कोणी पकडतही नाही. उद्या डेटा दोन सर्व्हरवर वाटायचा झाला तर एका सर्व्हरवरच्या ओळीची फॉरेन की दुसऱ्यावरच्या ओळीकडे दाखवता येत नाही, हे वेगळंच. गिटहबने मायएसक्यूएलच्या मायग्रेशनसाठी (टेबलांची रचना बदलण्यासाठी) जीएच-ओएसटी नावाचं हत्यार खुलं केलं, तेही फॉरेन की असलेली टेबलं हाताळत नाही. मोठं काम करणारी माणसं फॉरेन कीशिवाय चालवतात, ती काही अडाणी नाहीत.

रिपोर्टवाली

डिप्लॉय, तुमची दुपार खरी आहे, पण तुम्ही फक्त साइटच्या बाजूने बघताय. मी पलीकडच्या टोकाला बसते. तुमचा डेटा मला मोजायचा असतो.

आमचा डेटाबेस एकच राहिला, पण त्याच्यावरचं ॲप्लिकेशन आजवर तीनदा नव्याने लिहिलं गेलं. आधी पीएचपी, मग पायथन, आता नोड. पहिल्या मॉडेलमधली व्हॅलिडेशनं दुसऱ्यात निम्मी आली, तिसऱ्यात त्याहून कमी. शिवाय रात्री ठरल्या वेळी आपोआप चालणारी क्रॉन स्क्रिप्ट मॉडेलला विचारत नाही. सीएसव्ही आयात करणारा विचारत नाही. तक्रार मिटवायला थेट कन्सोलवरून अपडेट मारणारा तर नाहीच नाही. या सगळ्यांच्या वाटेत एकच फाटक येतं, ते म्हणजे डेटाबेस.

अनाथ ओळींचं, म्हणजे ऑर्डर उडाली तरी उरलेल्या आयटमचं, सांगते. बेरीज आयटमच्या टेबलावरून काढली तर एक येते, ऑर्डरशी जॉइन करून काढली तर दुसरी. दोन्ही क्वेऱ्या बरोबर. मीटिंगमध्ये मात्र उत्तर मला द्यावं लागतं.

एक सावधगिरी कन्स्ट्रेंटवाल्यांसाठीही. लिहिलं म्हणजे लागलं असं धरू नका. मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी चेक कन्स्ट्रेंट (किंमत अटीत बसते का ते बघणारा) वाचायचा आणि गुपचूप सोडून द्यायचा, एररसुद्धा नाही. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये फॉरेन कीची तपासणी सहसा बंद असते, प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा (सेटिंगचा आदेश) देऊन चालू करावी लागते. टेस्ट एसक्यूलाइटवर आणि प्रॉडक्शन पोस्टग्रेसवर चालवत असाल तर त्या हिरव्या टेस्टवर विसंबू नका. नियम लावल्यावर मुद्दाम एक चुकीची ओळ घालून बघा, नाकारली गेली तरच तो लागला.

उलटतपासणी

डिप्लॉय, तुमच्या गोष्टीत दोष फॉरेन कीचा कमी आणि ती लावायच्या पद्धतीचा जास्त आहे.

पोस्टग्रेसमध्ये ती दोन टप्प्यांत लावता येते. आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून लावायची. तेव्हा जुन्या ओळी तपासल्या जात नाहीत, म्हणून लॉक क्षणभरच लागतं, पण नव्या ओळींना नियम लगेच लागू होतो. मग सवडीने ‘व्हॅलिडेट’ करायचं, तेव्हा लिहिणं चालू राहतं. दोन्हींच्या आधी लॉक टाइमआउट (लॉकची वाट बघायची मर्यादा) दोन-तीन सेकंदांचा ठेवायचा. लॉक मिळालं नाही तर आपलं आल्टर पडेल, पुन्हा चालवू, पण मागे रांग लागणार नाही. लॉक टाइमआउटशिवाय प्रॉडक्शनवर आल्टर चालवूच नये, मग विषय फॉरेन कीचा असो वा नसो.

इंडेक्सचंही बघा. इनोडीबी फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर स्वतः तयार करतं, पोस्टग्रेस करत नाही. तो राहिला की ऑर्डर डिलीट करताना दर वेळी आयटमचं अख्खं टेबल चाळलं जातं, आणि लोक म्हणतात फॉरेन की संथ आहे.

डेडलॉक टाळायला क्रम उलटा करा: आधी ऑर्डरचा आकडा वाढवा, मग आयटम घाला. एक्सक्लुझिव्ह लॉक आधीच हातात आलं की दुसरा शांतपणे थांबतो. पोस्टग्रेसमध्ये ९.३ पासून हे दुखणं बरंच कमी झालं, कारण फॉरेन कीसाठी घेतलेलं लॉक कीला हात न लावणाऱ्या अपडेटला अडवत नाही.

कॅस्केडबद्दल मात्र तुमचं पूर्ण मान्य. मी ‘रिस्ट्रिक्ट’ ठेवतो, म्हणजे जोडलेल्या ओळी असतील तर डिलीट नाकारलं जातं. काय काय उडणार आहे ते कोडमध्ये नाव घेऊन लिहिलेलं असावं.

तिसरा महिना

मी नवीन आहे. सगळं समजलं असं नाही, तरी विचारतो. युनिक लावल्यावर दुसऱ्या रिक्वेस्टला डेटाबेसची एरर येते आणि वापरणाऱ्याला ५०० चं (सर्व्हर एररचं) पान दिसतं. त्यापेक्षा आधी तपासलेलं बरं ना?

रिपोर्टवाली

आधी तपासा, जरूर तपासा. फॉर्म भरतानाच ‘हा ईमेल आधी नोंदलेला आहे’ असं दिसलं तर छानच. पण इन्सर्टच्या वेळी येणारी एररही पकडा. पोस्टग्रेस २३५०५ हा कोड देतं, मायएसक्यूएल १०६२. कोड ओळखून तोच निरोप दाखवायचा, एररचा मजकूर वाचून अंदाज बांधायचा नाही. आणि पोस्टग्रेसमध्ये एक एरर आली की त्या ट्रान्झॅक्शनमधलं पुढचं सगळं नाकारलं जातं, म्हणून मध्ये सेव्हपॉइंट (मागे फिरता येईल अशी खूण) ठेवा किंवा इन्सर्टला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ (टक्कर झाली तर काय करायचं ते) जोडा.

ईमेल लहान-मोठ्या अक्षरांत येतो, त्यामुळे युनिक इंडेक्स लोअर केलेल्या (सगळी लहान अक्षरं असलेल्या) रूपावर लावा. आणि नल असलेल्या कितीही ओळी युनिक कॉलममध्ये बसतात, तिथे बरेच जण फसतात.

दहावा डिप्लॉय

नॉट व्हॅलिडची वाट मला त्या दुपारी माहीत असती तर बरं झालं असतं, हे कबूल करतो. तरीही माझा मुख्य आक्षेप उरतो. आज फॉरेन की म्हणता, उद्या चेकमध्ये ‘सवलत ५० टक्क्यांच्या वर नको’ असं येतं, परवा ट्रिगर (ओळ बदलली की डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड). धंद्याचे नियम दर महिन्याला बदलतात. कोड मागे घ्यायला मला दोन मिनिटं लागतात, स्कीमा मागे घ्यायला आख्खी रात्र. एका ठिकाणी ट्रिगर जुन्या ओळीची नक्कल दुसऱ्या टेबलात करत होता आणि ते तिथल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. डिस्क भरली तेव्हा कळलं.

मी युनिक आणि नॉट नल लावीन. फॉरेन कीऐवजी रोज रात्री अनाथ ओळी शोधणारी क्वेरी चालवीन. साइट अडत नाही आणि चूकही कळते.

उलटतपासणी

सवलतीची मर्यादा चेकमध्ये मीही घालणार नाही. ते धोरण आहे, उद्या बदलेल. पण आयटमला ऑर्डर असणं, शिल्लक रक्कम नल नसणं, रक्कम फ्लोटऐवजी (अंदाजे अपूर्णांकाऐवजी) डेसिमलमध्ये (अचूक दशांशात) असणं, हे कोणत्या महिन्यात बदलणार? ट्रिगरबद्दल तुमच्याइतकाच मीही सावध आहे.

रात्रीच्या क्वेरीवर मात्र माझा विश्वास नाही. तुम्हाला अनाथ ओळ रात्री दोनला सापडते, तोवर दिवसभर तिच्यावरून ईमेल गेलेले असतात, बिलं निघालेली असतात. आणि सापडल्यावर पुढे काय? ती कोणत्या ऑर्डरची होती ते सांगणारी ओळच उरलेली नसते. इन्सर्ट नाकारला गेला असता तर त्याच क्षणी लॉगमध्ये कोड, वेळ आणि रिक्वेस्ट मिळाली असती.

सर्व्हर वाटून टाकायची वेळ खरंच आली तर त्या दिवशी फॉरेन की काढून टाकू. काढायला एक ओळ पुरते. नसलेली लावायची म्हटलं की आधी वर्षानुवर्षांची घाण उपसावी लागते.

दहावा डिप्लॉय

शेवटच्या वाक्यावर विचार करतोय. पुढच्या नव्या प्रकल्पात पहिल्या दिवसापासून लावून बघेन. चालू असलेल्या मोठ्या टेबलांवर मात्र आज तरी नाही.

तिसरा महिना

आमच्याकडे ईमेलवर ग्रुप बाय करून (सारखे ईमेल एकत्र मोजून) बघितलं. २१२ दुहेरी निघाले. आता युनिक लावायला गेलो तर पोस्टग्रेस नकार देतं. जुनं खातं ठेवून नवीन उडवू का?

रिपोर्टवाली

काहीही उडवू नका. आधी त्या टेबलाची प्रत वेगळी काढून ठेवा.

पहिलं काम, नवीन भर थांबवा. आजच्या सर्वात मोठ्या आयडीच्या पुढच्या ओळींपुरता युनिक इंडेक्स ‘कन्करंटली’ (लिहिणं न थांबवता) लावा. नव्याची जुन्याशी टक्कर त्याने अडणार नाही, ती तूर्तास कोडमधली तपासणी बघेल. पण एकाच वेळी आलेल्या दोन रिक्वेस्टची जोडी तयार होणं बंद होईल. मग प्रत्येक जोडीत ऑर्डरी कोणत्या खात्यावर आहेत ते बघा. बहुतेक ठिकाणी एकावर काहीच नसेल, ते सोपं. दोन्हींवर ऑर्डरी असतील तर एकाकडचे सगळे संदर्भ दुसऱ्याकडे हलवा, आणि कोणत्या आयडीचं कशात विलीन केलं त्याचं एक छोटं टेबल ठेवा. कोणी तरी जुन्या लिंकवरून येतंच. शेवटी पूर्ण युनिक इंडेक्स, तोही कन्करंटली. मध्येच पडला तर ‘इनव्हॅलिड’ अवस्थेतला इंडेक्स मागे राहतो, तो काढून पुन्हा चालवा.

दोन्हींवर ऑर्डरी असलेल्या जोड्या किती निघतात ते इथे कळवा, पुढचं त्यावर ठरवू.