राज्यशास्त्र घेऊन पुढे काय केलंत? अनुभव सांगा

निवडुंग
परवा भाचीचा फोन आला. टीवायला राज्यशास्त्र स्पेशल घेतलंय, तर वडील म्हणाले, "म्हणजे आता निवडणूक लढवणार का?" हसू आलं. मला हाच प्रश्न आजोबांनी विचारला होता, वर "कुठल्या पक्षाकडनं" एवढं जोडून.

मी एमए करून दोन वर्षं घरी बसले. मग एका संस्थेत महिला सरपंचांच्या प्रशिक्षणाला लागले, ती अजून तिथेच. 2011 ला राज्यात पंचायतींत बायकांना 50 टक्के आरक्षण झालं आणि आमची धावपळ वाढली. एका गावात सरपंचबाई खाली सतरंजीवर, यजमान खुर्चीत आणि ग्रामपंचायतीचा शिक्का यजमानांच्या शर्टाच्या खिशात. खिशाला जांभळा डाग पडलेला. मी कायद्यातलं ग्रामसभेचं कलम वाचून दाखवलं की सभा विनाकारण टाळली तर अपात्र सरपंच ठरतो, त्याच्या घरचे नाही. बाई काही बोलल्या नाहीत. जेवायला वाढताना हळूच म्हणाल्या, "ते परत वाचा बरं, सावकाश." पुढच्या खेपेला गेले तर शिक्का त्यांच्या पिशवीत. पंचायत राजची 73 वी घटनादुरुस्ती मी परीक्षेत टीप म्हणून लिहिली होती, त्यात शिक्का कुठेच नव्हता.

भाचीला काय सांगू? तुमचं तुमचं लिहा.

चहाबिस्कीट
पुण्यात सदाशिव पेठ, एमपीएससीची 6 वर्षं. 3 मुख्य, 1 मुलाखत, 0 पोस्ट.
आता गावाकडे अभ्यासिका चालवतो 😄 पोरं पार्टिशनवर पेन्सिलीने कटऑफ लिहून ठेवतात, मी दर जूनला रंग देतो. एक खुर्ची लकी म्हणून तिच्यासाठी भांडणं होतात. तिच्यावर बसलेला एक तलाठी झाला, बाकी काही नाही. तिचा एक पाय मी स्वतः वेल्डिंग करून आणलाय.
ताई, भाचीला एवढंच सांगा, एमपीएससी करायची तर किती वर्षं ते आधी कागदावर लिहून घरच्यांच्या हातात द्यायचं. मी नाही लिहिलं.

मोडीत
सदाशिव पेठ म्हटलं की मेस आठवते. रविवारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद. त्या आमटीत डाळ शोधणं हाच खरा सीसॅट, म्हणजे बुद्धिमत्तेचा पेपर.

चहाबिस्कीट
@मोडीत कुठली मेस? पेरूगेटजवळची का??

तासिका_तत्त्व
नावातच आलं सगळं. एमए, सेट, पीएचडी आणि 8 वर्षं सीएचबी, म्हणजे तासावर शिकवणं. जेवढे तास तेवढे पैसे, तेही वेळेवर आले तर. मे महिन्यात तास नाहीत म्हणून मानधन नाही. सासरे विचारतात, "प्राध्यापक ना तुम्ही?" मी हो म्हणतो आणि विषय पावसावर नेतो.
शिकवायला मात्र जाम आवडतं. राज्यपालांचे अधिकार शिकवायला 2019 नंतर उदाहरणं शोधावी लागत नाहीत, मुलंच घेऊन येतात. एकदा पक्षांतरबंदीवर वर्गात इतकी भांडणं झाली की शेजारच्या भूगोलाच्या मॅडम बघायला आल्या.

काळाकोट
बीए नंतर सीईटी देऊन 3 वर्षांचं एलएलबी. घटनेच्या पेपरला वाचलेलंच परत आलं, केशवानंद भारती खटला (संसदेला घटनेची मूलभूत संरचना बदलता येत नाही, तो) झोपेत विचारा, 1973, 13 न्यायमूर्ती, 7-6. पहिलं अशील मात्र गटाराच्या उताराच्या भांडणाचं होतं. मूलभूत संरचना वगैरे कुणी विचारलं नाही, उतार कुणाच्या दारात ते सांगा म्हणाले.

सुगरण_नाही
माझा मुलगा कॉमर्सला आहे, तोही घरीच बसलाय. विषयाचा दोष नाही हो.

काळाकोट
@सुगरण_नाही 😂 मिठी.

शून्यप्रहर
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. मी वर्षभर दिल्लीत एका खासदारांचं प्रश्न लिहायचं काम केलं. पक्ष विचारू नका. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, लोकसभेत दिवसाला 20 च यादीत, तेही सोडतीने. नोटीस किमान 15 दिवस आधी. आमच्या कांद्याच्या प्रश्नाचा नंबर लागला आणि त्या दिवशी सभागृह गोंधळात तहकूब. लेखी उत्तर पटलावर आलं, कुणी वाचलं असेल तर मीच.
पण एक कौशल्य पक्कं झालं, 40 पानी विधेयकाचं एका पानात टिपण करायचं. आज बँकेच्या धोरण विभागात त्याच्यावरच पोट आहे. असं काम करायला मिळणाऱ्या फेलोशिप असतात, भाचीला शोधायला सांग. वयाची अट असते, तेवढी बघ. शिट्टी झाली

प्रश्नावली
एमएला असताना मतदानोत्तर सर्वेक्षणाला जायचो. यादीतल्याच माणसाला भेटायचं, शेजारी चालत नाही. एका आजींनी तासभर बसवून उत्तरं दिली, मत कुणाला तेवढं सांगेनात. खोटी मतपत्रिका दिली, घडी घालून पेटीत टाका म्हटलं. त्यांनी ती कमरेला खोचली. "घरी जाऊन बघते" म्हणाल्या. घरातच होतो आम्ही!
आता बाजार संशोधनाच्या कंपनीत आहे, साबणाबद्दल विचारतो. साबणाचं लोक लगेच सांगतात.

निवडुंग
@प्रश्नावली कमरेला 🤣🤣 भाचीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते शून्यप्रहर ताईंशी बोलायचंय. आणि लकी खुर्चीचं महिन्याला किती?

चहाबिस्कीट
खुर्ची विकणे नाही. बसायला या, पहिला आठवडा फुकट.

मोडीत
हो, पेरूगेटजवळचीच. काका अजून वाटी मोजून देतात का?