बॅकलिंक तीनशे, डीए मात्र जागचा हलेना

यंत्रमाग_४१३
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याची साइट आहे. साइटचं वजन शंभरपैकी मोजणाऱ्या टूलांत मोझचा डीए (डोमेन ऑथॉरिटी) 9, एचरेफ्सचा डीआर (डोमेन रेटिंग) 4. डिरेक्टऱ्यांमधून (धंद्यांच्या ऑनलाइन याद्या) तीनेकशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका झाल्या, तरी आकडे तिथेच. हे मोजतात कसं? 500 लिंकचं पॅकेज घेतलं तर फरक पडेल का?

रोबोट्स_टीएक्सटी
डीए, डीआर हे त्या त्या कंपन्यांचे अंदाज. गुगल ते वापरत नाही. लिंकांवरून पानाचं वजन ठरवणारा गुगलचा पेजरँक आत अजून चालतो, पण टूलबारवरचा त्याचा आकडा 2016 मध्ये बंद झाला.

डीआरमध्ये लिंका नाही, डोमेन मोजतात. एकाच डिरेक्टरीतून डूफॉलो (वजन पुढे देणाऱ्या) लिंका दोनशे आल्या तरी पहिलीनंतरच्यांनी डीआर वाढत नाही. शिवाय त्या डोमेनचं वजन ते जितक्या साइटना लिंक देतं तितक्यांत वाटलं जातं. लाखभर साइटना लिंक देणाऱ्या डिरेक्टरीकडून तुमच्या वाट्याला काय येणार? डीए तर तुलनेवर चालतो, म्हणजे तुम्ही काही न करताही तो खाली येऊ शकतो. दोन्ही लॉगॅरिदमिक: 10 वरून 20 जमतं, 70 वरून 80 ला दम निघतो.

पेठेतला_एसईओ
पॅकेज घेऊ नका. त्यात बहुतेक कॉमेंट, प्रोफाइल आणि एकाच मालकाच्या पोकळ ब्लॉगांच्या लिंका असतात. टूलमधला आकडा कदाचित फुगेल, पण गुगल अशा लिंका मोजतच नाही. फारच झालं तर मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गुगलच्या माणसाने केलेली कारवाई. जाहिरातीच्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' टॅग लावून घ्या.

आधी गुगलच्या सर्च कन्सोल टूलमध्ये 'लिंक्स' उघडून बाहेरून कोणत्या पानांना लिंक आहे ते बघा. त्यातलं एखादं पान 404 (पान सापडत नाही) देत असेल तर 301 (कायमचा रीडायरेक्ट) लावा, तेही सर्वांत जवळच्या पानाकडे. सगळं होमपेजवर ढकललं की गुगल त्याला सॉफ्ट 404, म्हणजे नसलेलं पानच धरतं आणि लिंक वाया जाते.

मग सूतवाले, तुमचे टॉवेल घेणारी हॉटेलं, निर्यातदार संघटनेची सभासद यादी यांच्याकडे लिंक मागा. आणि साइटवर लिंक द्यावीशी वाटेल असं काहीतरी हवं. जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम) तक्ता करा: 75 बाय 150 सेंमी टॉवेल 400 जीएसएमचा असेल तर वजन 450 ग्रॅम. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, त्यावर जॅकार्ड विणीच्या फोटोंसह नीट पान लिहा. तिथून उत्पादनांच्या पानांना आतली लिंक द्या, नाहीतर आलेलं वजन त्या एका पानावरच अडकतं.

यंत्रमाग_४१३
आलेल्या डिरेक्टरी लिंका डिसअव्हाउ करू का, म्हणजे त्या धरू नका असं गुगलला कळवू का? आणि लवकरच डोमेन डॉट कॉमवरून डॉट इनवर न्यायचं आहे.

रोबोट्स_टीएक्सटी
मॅन्युअल ॲक्शनची नोटीस नसेल तर डिसअव्हाउला हात लावू नका, चांगली लिंकही त्यात जाते. डोमेन बदलताना पानागणिक 301 करा, सर्च कन्सोलमध्ये 'चेंज ऑफ ॲड्रेस' भरा आणि रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवा. जुन्या डोमेनचं नूतनीकरण चुकलं की रीडायरेक्ट गेले, त्यांच्यासोबत लिंकाही.