केसगळती चालू असताना सशाला विंचरायचं कसं?

प्रश्न
लांब केसांचा ससा आहे, दीड वर्षाचा. आठवडाभर पुंजकेच्या पुंजके गळताहेत. मांजराचा तारांचा ब्रश लावला की अंग चोरतो आणि पळतो. कानांमागे आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला गुठळ्या झाल्यात. त्या कात्रीने कापू का? आणि एकदा आंघोळ घातली तर सुटे केस एकदम निघतील का?

प्रतिसाद १
आंघोळ अजिबात नको. आतली लव इतकी दाट असते की भिजली तर लवकर सुकत नाही, अंग गार पडतं, आणि नुसत्या धसक्यानेही ससा दगावू शकतो.

कात्रीही नको. सशाची कातडी फार पातळ. गुठळी ओढली की खालची कातडी तिच्याबरोबर वर उचलली जाते आणि कात्री नेमकी तिच्यावर चालते. त्यापेक्षा गुठळीत चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा. मुळाशी केस दोन बोटांत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. मग टोकाकडून थोडे थोडे केस बोटांनीच मोकळे करत आत जा. कंगवा शेवटी, पीठही त्यानेच झाडून काढा. एका बैठकीत एकच गुठळी सुटली तरी पुरे. कातडीला नमद्यासारखी चिकटून बसलेली असेल तर पशुवैद्यांकडून मशीनने काढून घ्या.

प्रतिसाद २
तो पळतो कारण तारा टोचतात. रबरी दात्यांचा ब्रश घ्या. जमिनीवर सतरंजी टाकून त्यावर बसवा, गुळगुळीत फरशीवर पाय घसरले की तो बिथरतो. उताणा करू नका. उताणा ससा निपचित पडतो तो भीतीने, आरामाने नव्हे. उचलायचाच झाला तर एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली. मागचे पाय अधांतरी राहिले आणि त्याने जोरात झटका दिला तर कणा मोडू शकतो.

आधी ओलसर हात केसांच्या दिशेने फिरवा, बरेच सुटे केस हातालाच येतात. मग ब्रश. एका वेळी पाचच मिनिटं, पण लांब केसांना रोज. तळपायाची लव मात्र तशीच ठेवा. सशाला कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, ती लव गेली की तळव्याला जखमा होतात.

प्रतिसाद ३
विंचरणं टाळू नका, कारण सशाला उलटी करता येत नाही. चाटलेले केस आतड्यातूनच पुढे जायला हवेत, म्हणून या दिवसांत वाळलेलं गवत आणि पाणी भरपूर ठेवा. लेंड्या केसात ओवल्यासारख्या माळेने पडू लागल्या तर केस जास्त पोटात जाताहेत. लेंड्या बारीक झाल्या किंवा १०-१२ तास काही खाल्लं नाही, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

विंचरताना मानेवर, पाठीवर कोंड्याचे पापुद्रे दिसले तर माइट्सची, म्हणजे कातडीवरच्या बारीक किड्यांची, शंका घ्या. कुत्र्यांचं फिप्रोनिल असलेलं औषध चुकूनही लावू नका, सशाला ते विषारी आहे.

प्रश्नकर्ता
खूप आभार. शेपटीखाली लेंडी चिकटली असेल तर?

प्रतिसाद १
तेवढाच भाग कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने मऊ करून पुसा आणि टॉवेलने पूर्ण कोरडा करा. ओल राहिली तर माश्या अंडी घालतात, आणि अळ्या एका दिवसात कातडी पोखरायला लागतात.