नावं ठेवली आणि मग खरं कळलं : तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मी करते. मोठ्या जाऊबाईंना मी सहा वर्षं 'शिष्ट' म्हणत होते. त्या गावी, आम्ही ठाण्यात, भेट सणासुदीलाच. पंगतीत शेजारी बसून काही बोललं तरी ढिम्म. गेल्या गणपतीत त्यांना दवाखान्यात घेऊन गेले, तेव्हा समजलं की डाव्या कानानं त्यांना लहानपणापासून ऐकूच येत नाही. लग्न मोडेल म्हणून माहेरच्यांनी लपवलं आणि मग ते तसंच राहिलं. मी कायम त्यांच्या डावीकडे बसायचे.

दुसऱ्याची परिस्थिती सोडून स्वभावच बघायच्या या खोडीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली शास्त्रीय नाव दिलं. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' हे आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

*

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. सातवीतली एक मुलगी पहिल्याच तासाला पेंगायची. "रात्रभर मोबाईल बघत असशील," असं मी भर वर्गात बोललो. एकदा वही तपासताना तिच्या मनगटावर तव्याचा ताजा चटका दिसला, म्हणून विचारलं. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले, आजी अंथरुणाला खिळलेली. पहाटे चारला उठून भाकरी हीच थापत होती. वर्गासमोर बोललो होतो, म्हणून माफीही वर्गासमोरच मागितली. ती मान खाली घालून वहीचा कोपरा दुमडत राहिली.

*

मी मानसशास्त्र शिकवते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा १९७३ सालचा प्रयोग दरवर्षी वर्गात सांगते. धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणारे ४० विद्यार्थी, आणि वाटेत खोकत, कण्हत पडलेला एक माणूस. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. 'उशीर झालाय' असं सांगून पाठवलेल्यांतले फक्त १० टक्के. मुलं दयाळू की निर्दय, हे बघायची गरजच पडली नाही. घड्याळानं ठरवलं.

*

डोंबिवली लोकल. तिघींच्या बाकावर 'चौथ्या सीट'साठी न सरकणाऱ्या बाईशी मी भांडले. तिला तिसरा महिना होता. अजून लाज वाटते.

*

मला उलटं लिहायचंय. नवऱ्याचा हात उठायचा, तेव्हा नऊ वर्षं मी कारणं शोधून देत होते. कामाचा ताण आहे, लहानपण हालात गेलंय. मग लक्षात आलं, ताण ऑफिसात आणि तिथे मात्र साहेबापुढे आवाज कधी चढला नाही. बहिणीपुढे नाही, शेजाऱ्यापुढे नाही. फक्त माझ्यापुढे, दार लावल्यावर. परिस्थिती बघाच, पण ती सगळीकडे तशीच असताना माणूस कुठे बदलतो तेही बघा. मी ते बघितलं आणि बॅग भरली.

*

सुरुवात करणारी मीच परत लिहितेय. बॅग भरणाऱ्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. माझ्या जाऊबाई उजवीकडे बसणाऱ्या पुतण्यांशी किती हसून बोलायच्या, ते मला आत्ता आठवतंय. समोरच होतं.