भूमितीतून देहाकडे: लीजिया क्लार्क वाट चुकली का?

बिजागरी

परवा इथे 'काटकोन' यांनी लिहिलं होतं: "लीजिया क्लार्क १९५९ पर्यंत ब्राझीलमधली सगळ्यात शिस्तीची भौमितिक चित्रकार. पुढे भूमिती संपली, हात आटला आणि बाई प्लास्टिकच्या पिशव्या नि लाळेत रमल्या." खाली कितीतरी जणांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प राहिले, आता राहवत नाही.

हात आटला म्हणजे काय? ज्या चित्रांचं तुम्ही कौतुक करता तीच नीट बघा. १९५४ मध्ये ती चौकट मोडते. म्हणजे रंग कॅनव्हासवर थांबवत नाही, चौकटीच्या लाकडावर नेते. असं करताना तिच्या लक्षात येतं की एकाच रंगाचे दोन तुकडे शेजारी ठेवले की मध्ये एक बारीक काळी रेघ दिसते. ती कुणी काढलेली नसते. दार आणि त्याची चौकट यांच्यामध्ये असते, दोन फरश्यांमध्ये असते, तीच ती फट. क्लार्कनं तिला 'सेंद्रिय रेषा' म्हटलं. पुढची सगळी वर्षं ही बाई त्या फटीच्या मागे आहे. आधी फळ्या जोडून केलेले पृष्ठभाग. मग १९५९ चे 'कोश', ज्यांत पत्रा दुमडून आत पोकळी ठेवली आहे. मग १९६० चे 'बिशोस', म्हणजे जनावरं: धातूचे सपाट तुकडे बिजागऱ्यांनी जोडलेले, भिंतीवरून सुटून जमिनीवर आलेले, आपण हातात घेऊन उलगडायचे. बिजागरी म्हणजे तीच फट, फक्त आता हलणारी. ती बघून आपल्याला पाठीचा कणा आठवला, असं तिनं स्वतः लिहून ठेवलंय.

कणा! १९६० मध्ये, अ‍ॅल्युमिनियमच्या त्रिकोणांबद्दल बोलताना. आणि त्याआधी, मार्च १९५९ च्या नव-काँक्रीट जाहीरनाम्यात (रिओतल्या ज्या कलाकार-गटात ती होती त्याचा), कलाकृती यंत्रही नाही आणि वस्तूही नाही, ती 'क्वासी-कॉर्पुस' आहे, जवळजवळ देह आहे, असं म्हटलंय. खाली सह्या सात जणांच्या, त्यात क्लार्कची. देह भूमितीच्या पोटातच होता. ती वाट चुकली नाही, वाटेच्या टोकापर्यंत गेली.

काटकोन

ते वाक्य माझंच, आणि मी ते मागे घेत नाही.

पहिली गोष्ट, जाहीरनामा लिहिला फेरेइरा गुलारनं. 'क्वासी-कॉर्पुस' हा कवीचा शब्द. सही केली म्हणजे पुढच्या तीस वर्षांचा आराखडा मान्य केला असं होत नाही. १९६१ च्या सुमारास गुलार स्वतःच त्या गटातून बाहेर पडून लोकसंस्कृतीच्या राजकीय चळवळीत गेला.

दुसरी गोष्ट, मागे वळून पाहिलं की कुठल्याही भटकंतीची सरळ रेघ ओढता येते. फट, बिजागरी, कणा, देह ही साखळी छान जमते, पण ती तुम्ही जमवली आहे.

तिसरी, आणि मला खरोखर लागलेली गोष्ट. तिच्या काळ्या-पांढऱ्या पृष्ठभागांपैकी एकासमोर मी तासभर उभा राहिलो आहे. पांढरा त्रिकोण पुढे येतो की काळा मागे जातो, ठरता ठरत नाही. फ्रेंच चित्रकार लेजेकडे पॅरिसला शिकून आलेली, १९५१ च्या साओ पाउलो द्वैवार्षिकीत स्विस भौमितिक कलाकार माक्स बिलला बक्षीस मिळालं त्या वातावरणात वाढलेली, तरी बिलपेक्षा जिवंत अशी ही चित्रकार. मी नसलो तरी ते चित्र तिथे आहे. पण तिची नंतरची ती हवा भरलेली पिशवी आणि तिच्यावर ठेवलेला गोटा, तो मी हातात घेतला नाही तर काय उरतं? इतका मोठा डोळा असलेल्या माणसानं डोळ्याचंच काम सोडावं, याचं मला दुःख आहे. दुःखालाच राग म्हणायचं असेल तर म्हणा.

चिमटा

तुमचं चालू द्या, पण 'बिशो'चा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. एका मोठ्या संग्रहालयात मी मुद्दाम बिशो बघायला गेले. काचेच्या पेटीत ठेवलेला! हलवण्यासाठीच जन्मलेली वस्तू, एकाच मुद्रेत गोठवलेली. मी रखवालदाराला विचारलं, निदान रोज एकदा तरी कुणी याची घडी बदलतं का? त्यानं मला दोन पावलं मागे सरकायला सांगितलं. शेजारी एका बाकावर हाताळण्यासाठी प्रतिकृती होती, तिची एक बिजागरी इतकी घट्ट की पातं अर्ध्यावरच अडायचं.

बिशो किती हालचाली करू शकतो, असं विचारलं की क्लार्कचं उत्तर ठरलेलं असायचं: मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही, पण त्याला माहीत आहे. काचेत ठेवल्यावर त्याला तरी कसं कळणार?

काटकोन

@चिमटा, याबाबत मी तुमच्या बाजूने नाही. रोज शेकडो हात लागले तर पत्रा वाकतो, बिजागरी झिजते, आणि पुढच्या पिढीला फक्त फोटो उरतो. मूळ वस्तू जपायची आणि प्रतिकृती चांगली करायची, हाच मार्ग. घट्ट बिजागरीची प्रतिकृती ठेवणं हा मात्र अपराध आहे, तिथे तुमचं बरोबर.

चिमटा

जपायची कुणासाठी? २०१३ मध्ये तिचं १९५९ चं एक 'काँत्रा रेलेवो' (भिंतीवरची थरांची भौमितिक कलाकृती) न्यूयॉर्कच्या लिलावात वीस लाख डॉलरांच्या वर गेलं. तेव्हापासून काच जाडच होत चालली आहे, असं मला वाटतं. तिनं १९६४ मध्ये रबराच्या मऊ कलाकृती केल्या. समीक्षक मारियो पेद्रोसानं त्यातली एक जमिनीवर टाकून लाथ मारली, आणि कलाकृतीला लाथ मारता आली याचा त्याला आनंद झाला, ही गोष्ट क्लार्क कौतुकानं सांगायची. ज्या बाईला लाथेचा आनंद झाला तिच्या वस्तूला मी बोट लावू शकत नाही.

पाणवठा

काचेपेक्षा गंभीर प्रश्न कुणीच काढत नाहीये. १९७६ मध्ये पॅरिसहून रिओला परतल्यावर या बाईंनी स्वतःच्या घरात लोकांवर उपचार सुरू केले. 'स्वची रचना' असं त्याचं नाव. माणसाला गादीवर झोपवायचं, अंगावर पाण्याच्या, वाळूच्या, हवेच्या पिशव्या, थर्माकोलच्या गोळ्यांच्या उशा, शिंपले ठेवायचे. एकेक तास, आठवड्यातून एक ते तीन वेळा. वैद्यकीय शिक्षण शून्य.

मी अकरा वर्षं मानसोपचारात आहे. एका कलाकारानं घेतलेल्या 'स्पर्श कार्यशाळे'नंतर एक मुलगी माझ्याकडे आली. डोळे बांधून अनोळखी हात अंगावर आले, आणि बारा वर्षं दडपलेलं काहीतरी एका दुपारी वर आलं. कार्यशाळा सहाला संपली, सगळे घरी गेले, ही जिन्यातच बसून राहिली. नंतर कितीतरी महिने तिला खोलीचं दार बंद करून झोपता येत नव्हतं. त्या कलाकाराचा हेतू वाईट नव्हता. पण दार उघडणाऱ्याला ते बंद करता यायला हवं. त्यामुळे "वाटेच्या टोकापर्यंत गेली" असलं काही वाचलं की माझं डोकं फिरतं.

बिजागरी

तुम्ही कुठल्याशा कार्यशाळेचं पाप क्लार्कच्या माथी मारताय! एका दुपारचा खेळ आणि महिनोन्‌महिने एकाच माणसाबरोबर केलेलं काम यांत काहीच फरक नाही? पॅरिसमध्ये ती पिएर फेदिदा या मनोविश्लेषकाकडे स्वतः विश्लेषणाला जात होती. १९७२ पासून सोर्बोनमध्ये विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर हे प्रयोग करत होती, आणि तिथे काय वर येतं हे बघितल्यावरच गट सोडून एकेका माणसाकडे वळली. शिवाय सत्रभर माणसाच्या मुठीत एक छोटा खडा असायचा. बाकी सगळं अंगावर वितळत असताना तो खडा म्हणजे खऱ्याचा पुरावा. तुम्ही म्हणता ते बंद होणारं दार तेच. तिची पद्धत पुढे लुला वांदरलेनं रिओतल्या सार्वजनिक मनोरुग्णसेवेत चालवली. तो तर तुमच्याच क्षेत्रातला ना?

पाणवठा

रुग्ण म्हणून विश्लेषकाकडे गेल्यानं कुणी विश्लेषक होत नाही. मी दाताच्या डॉक्टरकडे वीस वर्षं जातेय, तुमचा दात काढू का? तिच्यावर देखरेख कोणाची होती? चुकलं तर विचारणारं कोण होतं? खड्याचं उत्तर देऊ नका, याचं द्या. तुम्हाला ती आवडते, म्हणून तिचे रुग्ण तुम्हाला दिसत नाहीत. फार वाईट वाटतं असं वाचून.

बिजागरी

आणि तुम्हाला पदवी दिसते, माणूस दिसत नाही. मी थांबते आता, नाहीतर जास्त बोलेन.

ओलीवाळू

इथे मी सहसा लिहीत नाही. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा डाव्या हाताची हालचाल हळूहळू परतली, पण हात 'त्यांचा' नव्हता. पांघरुणाखाली स्वतःचाच हात लागला की दचकायचे. उपचार करणाऱ्या ताईंनी वाळूचं घमेलं आणलं. डोळे मिटून हात वाळूत घालायचा, आत पुरलेली वस्तू शोधायची आणि सांगायची. पाच आठवडे काही नाही. एके दिवशी बाबा म्हणाले, "गोटा. गार आहे." आणि रडले. गोट्यापेक्षा 'गार आहे' यानं रडले.

क्लार्कचं नाव मला खूप नंतर कळलं. १९६६ मध्ये अपघातात तिचं मनगट मोडलं होतं. हातावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. ती काढून तिनं फुगवली, रबर लावलं, वर एक खडा ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबत राहिली. खडा बुडतो, वर येतो, श्वास घेतल्यासारखा. 'दगड आणि हवा' ते हेच. मी वाचलं तेव्हा मला बाबांचं घमेलं दिसलं. @काटकोन, तुम्ही विचारलंत, हातात घेतला नाही तर काय उरतं. काहीच नाही उरत. माझ्या मते तेच तिला सांगायचं होतं.

@पाणवठा, आमच्या ताई प्रशिक्षित होत्या. त्या नसत्या तर घमेल्यानं भलतंच झालं असतं, हेही मला पटतं.

पाणवठा

@ओलीवाळू, तुमचं लिहिणं वाचून थोडा वेळ उठून गेले. साधनं खरी आहेत हे मी मान्य करते. वजन, ऊब, पोत यांनी शरीराची हद्द परत कळते, आम्ही आज वापरतो तेच हे, आणि ती तिथे आमच्याआधी पोचली असेल. पण परवान्याशिवाय, हे माझं वाक्य तसंच राहील.

तिसरीघंटा

गादीवर इतकं भांडलात, बाहेर काय चाललं होतं ते कुणी काढलंच नाही. १९६४ मध्ये लष्करानं सत्ता घेतली. १९६५ मध्ये क्लार्कचा सहकारी कलाकार एलियो ओइतिसिका मांगेराच्या वस्तीतले सांबा नर्तक त्याचे 'पारांगोले', म्हणजे कापडी झगे, अंगावर घालून रिओच्या आधुनिक कला संग्रहालयात घेऊन आला, त्यांना बाहेर काढलं, ते अंगणात नाचले. डिसेंबर १९६८ मध्ये पाचवा संस्थात्मक अध्यादेश आला, नागरी हक्क गेले, तुरुंगांत माणसांच्या शरीराचं जे व्हायचं ते झालं. अशा देशातल्या तिघांनी, क्लार्क, ओइतिसिका आणि लीजिया पापे, चौकोन सोडून एकाच दशकात माणसाच्या अंगाकडे वळावं हा 'हात आटल्याचा' योगायोग? पापेनं १९६८ मध्ये एका प्रचंड पांढऱ्या कापडाला भोकं पाडून त्यातून माणसांची डोकी बाहेर काढली. बघा तो फोटो. भौमितिक जाळीच आहे ती, फक्त श्वास घेणारी.

काटकोन

पापेचं उदाहरण चांगलं आहे, नाकारत नाही. मात्र ते मला लांबून दिसतं, माझ्या डोळ्यासाठी काहीतरी ठेवतं. क्लार्क तेवढंही ठेवत नाही. १९७३ चं 'बाबा आंत्रोपोफाजिका', म्हणजे 'नरभक्षक लाळ', घ्या. एक जण आडवा, भोवतीच्यांच्या तोंडात दोऱ्याची रिळं, ते लाळेनं भिजलेला दोरा ओढून त्याच्या अंगावर सोडतात. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला त्यात जागाच नाही.

बिजागरी

परत आले. 'देहकला' या शब्दानं घोटाळा होतो तो इथेच. क्रिस बर्डननं १९७१ मध्ये दंडावर गोळी झाडून घेतली, मारिना अब्रामोविच १९७४ मध्ये नेपल्सला ७२ वस्तू मांडून सहा तास उभी राहिली. दोन्हीकडे कलाकाराचं शरीर मध्ये आणि बघणारे भोवती. क्लार्ककडे तिचं स्वतःचं शरीर मध्ये नाही, आणि बघणाराही नाही. बघणाऱ्याला जागा नाही हे तुमचं निरीक्षण अचूक आहे, तुम्ही त्याला दोष म्हणता एवढंच. तिचं १९६३ चं 'चालणं' करून बघा. कागदाची पट्टी, एक पीळ, टोकं चिकटवा, मधोमध कात्री घाला, लांबीच्या दिशेनं कापत राहा. पहिल्या छेदापाशी परत आलात की डावीकडे वळायचं की उजवीकडे, एवढं तुम्ही ठरवायचं. करा आणि मग लिहा.

आणि @पाणवठा, देखरेख कोणाची होती, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही विचारलंत ते योग्य होतं.

काटकोन

केलं. वर्तमानपत्राची पट्टी घेतली होती, ती चुकीची निवड, तिसऱ्या फेरीतच फाटली. मग जाड कागद घेतला. पहिल्यांदा डावीकडे वळलो, नंतर दर फेरीला विचार न करता डावीकडेच. पट्टी अरुंद होत जाते आणि लांब होत जाते, मांडीवरून खाली सांडते, आणि शेवटी कात्रीच्या दोन पात्यांमध्ये कागदापेक्षा हवाच जास्त उरते. ज्या क्षणी पुढे कापता येईना, त्या क्षणी मी श्वास रोखून धरला होता.

ही भूमितीच आहे, हे मान्य. १९६३ पर्यंत साखळी तुटत नाही, तेवढं वाक्य मी दुरुस्त करतो. गादी, लाळ आणि १९७६ नंतरचं सगळं मला अजूनही मान्य नाही. पट्टीचा गुंता टेबलावर तसाच पडलाय, टाकवत नाहीये.

चिमटा

टाकू नका. आणि काचेत ठेवू नका.